तीन महिन्यांचं वर्ष : एंगाडीन खोऱ्यातली झाडं, पाखरं आणि प्राणी

आल्प्समध्ये एका उंचीच्या वर झाडं का दिसत नाहीत, असं विचारलं तर बहुतेक जण ‘थंडीमुळे’ असं सांगतात. उत्तर पटण्यासारखं आहे, पण ते अपुरं आहे. तिथली लार्च आणि अरोला पाइन ही झाडं ऐन हिवाळ्यात, वाढ पूर्ण थांबलेली असताना, उणे ४० अंशांची थंडीसुद्धा सोसतात. त्यांच्या डोंगरउतारांवर सहसा एवढी थंडी पडतही नाही. या झाडांना खरी चणचण भासते ती उबदार दिवसांची. वर्षातले आठ-नऊ महिने बर्फ आणि गारठा, उरलेल्या तीन-चार महिन्यांत पालवी, फूल, बी, पिल्लं, पुढच्या हिवाळ्याची बेगमी, सगळं उरकायचं. आल्प्समधला प्रत्येक जीव हे गणित आपापल्या पद्धतीने सोडवतो, आणि ते कळलं की तिथलं निसर्गचित्र एकदम वेगळं दिसायला लागतं.

हे समजून घ्यायला मी एकच खोरं निवडतो : स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातलं एंगाडीन. आपल्याकडच्या सहली टिटलिस आणि युंगफ्राउयोखला जातात, एंगाडीनमधलं त्यांच्या कानावर पडलेलं नाव म्हणजे सेंट मॉरिट्झ. ग्राउब्युंडेन प्रांतातलं हे इन नदीचं खोरं. नदीचं पाणी पुढे डॅन्यूबला मिळतं आणि थेट काळ्या समुद्रात जातं. वरच्या एंगाडीनमध्ये खोऱ्याचा तळच जवळपास १,८०० मीटरवर आहे, म्हणजे तिथलं सरोवरसुद्धा कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. भोवती तीन-चार हजार मीटरचे डोंगर, त्यातला पिझ बेर्निना ४,०४९ मीटरचा, पूर्व आल्प्समधला सगळ्यात उंच. हे डोंगर बाहेरून येणारे ढग अडवतात, त्यामुळे आत पाऊस कमी आणि ऊन भरपूर. आल्प्सच्या उत्तर कडेला झाडं १,८००-१,९०० मीटरच्या आसपास संपतात, इथे ती २,३०० मीटरपर्यंत चढतात.

ती रेषा नेमकी कशी ठरते? पानं अन्न तयार करायचं काम शून्याच्या थोड्या वरच्या तापमानातही चालू ठेवतात. पण त्या अन्नापासून नवी पेशी घडवायची, खोड जाड करायचं, मुळं वाढवायची, हे काम साधारण ५ अंशांच्या खाली जवळजवळ ठप्प होतं. म्हणजे माल आहे, पण बांधकाम बंद आहे. जगभरातल्या डोंगरांवर मोजून पाहिलं तर जिथे वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान ६ अंशांच्या आसपास येतं, तिथे झाडांची हद्द संपते. झाड उंच असल्यामुळे ते सतत वाऱ्यात उभं असतं, हवा जेवढी गार तेवढंच तेही गार. जमिनीला चिकटून वाढणाऱ्या रोपट्याला हा नियम लागू होत नाही. तिथे वारा पोचत नाही, दगड आणि माती उन्हाने तापतात. सायलीन अकॉलिस नावाची एक वनस्पती घट्ट हिरव्या उशीसारखी वाढते, वरून गुलाबी फुलांनी भरलेली. उन्हाच्या दिवशी त्या उशीच्या आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज जास्त असतं. हवामान खात्याच्या दृष्टीने ती थंड डोंगरावर असते, पण तिचं स्वतःचं हवामान वेगळंच असतं. अशा गाद्या फार हळू वाढतात, त्यामुळे ताटाएवढी गादी दिसली तर ती अनेक दशकांची आहे असं समजून पाय जपून टाकावा.

आता झाडांच्या रेषेच्या वर, उघड्या उतारावर एक जागा नीट पाहू. एक उंचवटा, त्याच्या शेजारी एक खळगा, दोन्हींत जेमतेम दहा पावलांचं अंतर. उंचवट्यावरचं बर्फ वारा उडवून नेतो, म्हणून तिथे हिवाळाभर जमीन उघडी राहते आणि कडाक्याचा गारठा थेट लागतो. तिथे बोटभर उंचीची, जमिनीवर चटईसारखी पसरलेली काल्मिया नावाची झुडपं असतात. जरा खाली, जिथे बर्फाचा जाड थर टिकतो, तिथे अल्पाइन रोझ. नाव रोझ असलं तरी हा गुलाब नाही. हिमालयातल्या बुरांसच्या गोतातलं हे ऱ्होडोडेंड्रॉन, पानाची मागची बाजू गंजाच्या रंगाची. त्याला बर्फाचं पांघरूण लागतंच. जाड बर्फाखाली जमिनीचं तापमान शून्याच्या आसपास टिकून राहतं, बाहेर उणे वीस असलं तरी. जी फांदी बर्फाच्या वर डोकावते ती वसंतातल्या उन्हाने सुकते, कारण पान पाणी सोडत असतं आणि गोठलेल्या जमिनीतून वर पाणी येत नाही. आणि अगदी खळग्याच्या तळाशी, जिथे बर्फ जुलैपर्यंत वितळत नाही, तिथे हर्बेशिया नावाचा विलो. हे खरोखरीचं लाकडी झाड आहे, पण त्याचं खोड जमिनीत पुरलेलं आणि वर फक्त दोन-तीन चकचकीत गोल पानं. त्याच्या वाट्याला वर्षातले दोन-तीन महिने येतात.

दहा पावलांत तीन वेगळी जगं. तिन्हींना पाऊस सारखा, ऊन सारखं, फरक फक्त बर्फ कधी जातं याचा. मला आल्प्समधली सगळ्यात शिकवून जाणारी गोष्ट ही वाटते, आणि ती बघायला केबल कारने शिखर गाठावं लागत नाही.

इतक्या कमी दिवसांत फुलायचं तर तयारी आधीच झालेली हवी. सोल्डानेला या नाजूक जांभळ्या फुलाच्या कळ्या आदल्या शरद ऋतूतच तयार असतात. बर्फाचा थर पातळ झाला की ती त्याच्या कडेतूनच वर येते, झालरीसारख्या पाकळ्या घेऊन. ग्लेशियर बटरकप तर आणखी पुढचा विचार करतो. त्याच्या कळ्यांची सुरुवात फुलण्याच्या एक-दोन वर्षं आधी झालेली असते. एखादा उन्हाळा बर्फातच गेला तरी त्याचं अडत नाही, कळी थांबते. फूल आधी पांढरं असतं, परागण झालं की गुलाबी-लालसर होतं. हे रोप आल्प्समध्ये चार हजार मीटरच्या वरही सापडलं आहे. त्याच्याही वर, पश्चिमेकडच्या डोम शिखरावर ४,५०० मीटरच्या पुढे, जांभळ्या सॅक्सिफ्रागाची नोंद आहे. एडलवाइसचा गवगवा फार झाला, पण ते एवढ्या उंचावरचं फूलच नाही. ते चुनखडीच्या गवताळ उतारांवर वाढतं, आणि त्याचे भाईबंद हिमालयात आणि मध्य आशियात भरपूर आहेत.

आता जंगलात या. अरोला पाइन ओळखणं सोपं : सुया पाच-पाचच्या झुबक्यात. हे झाड इतकं सावकाश वाढतं की तीस वर्षांचं रोप कित्येकदा माणसाच्या छातीपर्यंतही येत नाही. पण ते शेकडो वर्षं जगतं. खालच्या एंगाडीनमध्ये व्हाल श्कार्ल या बाजूच्या खोऱ्यात तामांगुर नावाचं अरोला पाइनचं निखळ जंगल आहे, २,३०० मीटरपर्यंत गेलेलं. तिथली काही झाडं सातशे वर्षांची असल्याचं सांगतात. रोमान्श ही इथली स्थानिक भाषा बोलणारे लोक या जंगलाकडे आपल्या भाषेच्या चिवटपणाचं प्रतीक म्हणून बघतात.

या झाडाची अडचण अशी की त्याचं बी जड असतं, त्याला पंख नसतात, आणि शंकू झाडावर असताना आपोआप उघडत नाही. म्हणजे बी वाऱ्याने जाणार नाही, आणि शंकू खाली पडला तर सगळं बी आईच्याच सावलीत. इथे नटक्रॅकर हा पक्षी कामाला येतो. कावळ्याच्या कुळातला, तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, चोच मजबूत. ऑगस्टपासून तो शंकू फोडून बिया काढतो, जिभेखालच्या पिशवीत डझनावारी भरतो आणि डोंगरभर ठिकठिकाणी मातीत चार-पाच, चार-पाच पुरून ठेवतो. एक पक्षी एका हंगामात एक लाखापर्यंत बिया लपवतो असा अंदाज आहे. त्यातल्या सुमारे ८० टक्के त्याला नंतर सापडतात, तेही हिवाळ्यात, मीटरभर बर्फात भुयार खणून. दगड, बुंधे, फांद्या यांच्या जागा लक्षात ठेवून तो नेमका तिथेच उकरतो. बाहेर बर्फ असतानाच, मार्चच्या सुमारास, तो अंडी घालतो, आणि पिल्लांना भरवतो तेही हेच साठवलेलं बी. पिल्लांना लवकर उडायला शिकवलं तर पुढचा अख्खा उन्हाळा साठवणुकीला मोकळा.

न सापडलेल्या वीस टक्क्यांतून जंगल उभं राहतं. आणि पक्षी बी पुरतो कुठे, तर उंचवट्यांवर, खडकांच्या कपारीत, जुन्या बुंध्यापाशी, जिथे बर्फ लवकर जातं आणि ठिकाण परत ओळखता येतं. नेमक्या अशाच जागी अरोलाचं रोप जगतं. खळग्यात बर्फ जास्त दिवस राहिलं तर त्याखाली एक बुरशी सुयांवर चढते आणि रोप मरतं. पुन्हा तेच : मारते ती थंडी नाही, बर्फाचा लांबलेला मुक्काम मारतो. तरी विसाव्या शतकात बराच काळ लोक नटक्रॅकरला बी चोरणारा म्हणून गोळ्या घालत होते. जंगल लावणाऱ्यालाच जंगलाचा वैरी ठरवलं होतं, आणि हे वाचताना मला अजूनही वाईट वाटतं.

लार्चची तऱ्हा वेगळी. सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात सगळ्या सुया गाळणारं आल्प्समधलं हे एकमेव झाड. ऑक्टोबरात अख्खं खोरं सोनेरी होतं ते याच्यामुळे. पण दर आठ-नऊ वर्षांनी हे झाड भर जुलैत तपकिरी पडायचं. कारण एक छोटा करडा पतंग. त्याची मादी उन्हाळ्याच्या शेवटी फांद्यांवरच्या दगडफुलाखाली अंडी घालते. अंडी हिवाळा काढतात, आणि वसंतात कोवळ्या सुया फुटतात त्याच सुमारास अळ्या बाहेर येतात. चार-पाच वर्षांत त्यांची संख्या हजारो पटींनी वाढते, झाडं ओरबाडली जातात, आणि मग अचानक अळ्या नाहीशा होतात.

नाहीशा होतात त्याचं कारण झाडातच आहे. ओरबाडलं गेलेलं लार्च त्याच उन्हाळ्यात पुन्हा पालवतं, पण पुढची दोन-तीन वर्षं त्याच्या सुया आखूड, राठ आणि कमी पौष्टिक येतात. अळीचं पोट भरत नाही, ती लहान राहते, अंडी कमी घालते. शिवाय तोवर तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्याही माजलेल्या असतात. संख्या कोसळते. झाडाची ताकद परत आली की सुया पुन्हा रसरशीत, आणि चक्र पुन्हा सुरू. वरच्या एंगाडीनमध्ये १९४९ पासून या पतंगाची पद्धतशीर मोजणी झाली. भर हंगामात डोंगर वाळल्यासारखे दिसतात ही पर्यटनावर जगणाऱ्या गावांची चिंता त्यामागे होती. झाडाच्या खोडातल्या वलयांवरही या हल्ल्यांची खूण राहते : त्या वर्षीचं लाकूड विरळ. यान एस्पर आणि सहकाऱ्यांनी स्विस आल्प्समधली जिवंत झाडं आणि जुन्या घरांच्या तुळया तपासून २००७ साली जवळजवळ १,२०० वर्षांचा हिशोब मांडला. हे चक्र त्या सगळ्या काळात चालू होतं, दुष्काळात, सुकाळात, थंड शतकांत. १९८१ च्या आसपास ते विस्कटलं. अधूनमधून काही उतार अजूनही तपकिरी पडतात, पण पूर्वीची ती नियमित, खोरं भरून टाकणारी लाट राहिली नाही. हिवाळे आणि वसंत उबदार झाले की अळी आणि पालवी यांची वेळ जुळत नाही, हे त्याचं मुख्य स्पष्टीकरण मानलं जातं.

प्राण्यांकडे पळ काढायचा किंवा झोपून राहायचा पर्याय असतो. मार्मोट हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी झोपतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अख्खं कुटुंब गवत भरलेल्या खोल बिळात शिरतं, तोंड माती-दगडांनी बुजवतं आणि एप्रिलपर्यंत बाहेर येत नाही. शरीराचं तापमान पाच अंशांच्या आसपास उतरतं, हृदय मिनिटाला मोजके ठोके देतं. दर दोनेक आठवड्यांनी सगळे थोडा वेळ ऊबदार होतात आणि पुन्हा थंडावतात. त्या वेळी मोठ्यांच्या अंगाची ऊब पिल्लांना मिळते, म्हणून एकटं झोपलेलं पिल्लू सहसा वाचत नाही. वजनाचा तिसरा हिस्सा तरी उतरतो. उन्हाळ्यात खाऊन लठ्ठ होणं हे त्याचं खरं काम, आणि गंमत म्हणजे भर दुपारचा उकाडा त्याला सोसत नाही, म्हणून तो सकाळ-संध्याकाळच चरतो. उन्हाळे तापत गेले तर चरायला मिळणारे तास कमी होणार.

आयबेक्स, म्हणजे लांब वाकड्या शिंगांचा डोंगरी रानबोकड, झोपत नाही, पण अंगातली आच मंद करतो. हिवाळ्यात त्याच्या हृदयाचे ठोके उन्हाळ्यातल्या निम्म्याहूनही खाली येतात. सकाळी तो दक्षिणेकडच्या उभ्या कड्यावर, जिथे बर्फ टिकत नाही, तिथे उन्हात अंग शेकत उभा राहतो. ग्राउब्युंडेनच्या झेंड्यावर हाच प्राणी आहे, आणि तरीही तो एकेकाळी या प्रांतातून पार संपला होता. त्याची शिंगं, रक्त, पोटातला खडा औषधी मानून लोकांनी त्याला मारून टाकलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या आल्प्समध्ये जेमतेम शंभर उरले होते, तेही इटलीतल्या ग्रान पारादिसोच्या डोंगरात. तिथल्या राजाने १८५६ मध्ये ती जागा स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवली, म्हणून ते वाचले. स्वित्झर्लंडने विकत मागितले, इटलीने दिले नाहीत. शेवटी १९०६ मध्ये चोरट्या वाटेने करडं सीमेपार आणून सेंट गॅलनच्या प्राणी उद्यानात वाढवली, १९११ मध्ये पहिली जंगलात सोडली आणि १९२० पासून एंगाडीनच्या राष्ट्रीय उद्यानातही. आज आल्प्समध्ये पन्नास हजारांच्या आसपास आयबेक्स आहेत. मात्र सगळे त्या शंभरांचे वंशज, त्यामुळे त्यांच्यात आनुवंशिक विविधता फार कमी आहे. एखादी साथ आली तर ही गोष्ट महागात पडू शकते.

त्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल दोन शब्द. १ ऑगस्ट १९१४ ला सुरू झालेलं, १७० चौरस किलोमीटरचं, आल्प्समधलं सगळ्यात जुनं. इथे झाड तोडत नाहीत, गवत कापत नाहीत, पडलेला ओंडकासुद्धा हलवत नाहीत. माणसाने वाटेवरच चालायचं. वनस्पतिशास्त्रज्ञ योसिआस ब्राउन-ब्लांके यांनी १९१७ मध्ये तिथे चौकटी आखून त्यातली रोपं मोजायला सुरुवात केली, आणि त्याच चौकटी आजही मोजल्या जातात.

याच उद्यानात १९९१ ते २००७ या काळात दाढीवाल्या गिधाडाची २६ पिल्लं सोडली गेली. हा पक्षी हिमालयातही आहे. कोकरं उचलून नेतो, मुलं पळवतो असल्या खोट्या समजुतींपायी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो आल्प्समधून नामशेष झाला होता. प्रत्यक्षात तो हाडं खातो. मोठं हाड उंचावरून खडकावर टाकून फोडतो आणि तुकडे गिळतो. याचं वेळापत्रक बाकी सगळ्यांच्या उलट आहे : अंडी भर हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीत. पिल्लू बाहेर येतं ते हिवाळा सरताना, जेव्हा हिमकडे कोसळून मेलेले शॅमॉय (शेळीसारखे डोंगरी प्राणी) आणि आयबेक्स बर्फातून उघडे पडत असतात. इतरांची उपासमारीची अखेर, ती याची सुगी.

ज्यांनी बर्फाशी रंग जुळवला आहे त्यांची मात्र पंचाईत होते आहे. डोंगरी ससा आणि टार्मिगन हा रानकोंबड्याच्या कुळातला पक्षी, दोघेही हिवाळ्यात पांढरे होतात. सशाच्या अंगावरचे केस बदलतात ते दिवस किती लांब आहे यावरून, बर्फ पडलं की नाही यावरून नाही. दिवसाची लांबी हजार वर्षांपूर्वी होती तीच आहे, बर्फ मात्र उशिरा येतं आणि लवकर जातं. मग तपकिरी उतारावर पांढराशुभ्र ससा गरुडाला लांबूनच दिसतो.

खालून झाडं-रोपं वर सरकत आहेत, हे तर मोजून दाखवता येतं. ओस्वाल्ड हेअर हे शास्त्रज्ञ १८३५ मध्ये एंगाडीनमधल्या ३,४१० मीटरच्या पिझ लिनार्डवर चढले. माथ्यावर त्यांना फुलणाऱ्या वनस्पतीची एकच जात सापडली, अँड्रोसेस अल्पिना. १९३७ मध्ये तिथे दहा जाती होत्या, २०११ मध्ये सोळा. युरोपातल्या ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हाही तेच दिसलं, आणि वाढीचा वेग अलीकडे कितीतरी जास्त. जाती वाढल्या म्हणजे चांगलंच, असं वाटेल. पण खालून येणारी रोपं उंच आणि जोमदार असतात, आणि माथ्यावरच्या बुटक्यांना आणखी वर जायला डोंगरच उरलेला नाही.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर आपल्याकडचे लोक ज्या मे महिन्यात जातात तेव्हा वरचे उतार अजून बर्फाखाली असतात. त्या काळात वरच्या एंगाडीनमधल्या पाँत्रेझिना गावाला जावं. तिथे गावाच्या वरच्या कुरणात आयबेक्स कोवळ्या गवतासाठी खाली उतरलेले असतात. फुलांसाठी जुलैचा मध्य, लार्चच्या सोन्यासाठी ऑक्टोबरचा मध्य. मोर्तेराच स्टेशनपासून हिमनदीकडे जाणारी सपाट पायवाट तर कोणीही चालू शकेल. हिमनदी कोणत्या वर्षी कुठपर्यंत होती याच्या पाट्या वाटेवर आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती अडीच किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. स्टेशनजवळ मोठी लार्च आणि अरोला पाइन, पुढे झुडपी विलो, मग गुलाबी एपिलोबियम, आणि बर्फाजवळ नुसते दगड. बर्फ हटल्यावर जंगल कोणत्या क्रमाने येतं हे पाटीगणिक वाचता येतं. हिवाळ्यात गेलात तर आखलेल्या मार्गाबाहेर स्कीइंग करू नका. काळा ग्राउस हा पक्षी दिवसाचा बराचसा वेळ बर्फातल्या स्वतः खणलेल्या बिळात काढतो. त्याला उठवलं की सुयांवर आणि कळ्यांवर जेमतेम साठवलेली ऊर्जा उडण्यात जाते, आणि असं वारंवार झालं तर तो वसंत बघत नाही.